आवाज येतोय, चित्र नाही

येमूल सरांच्या शर्टाच्या खिशात दोन वस्तू कायम असायच्या. एक लाल खडू आणि एक छोटा स्क्रू ड्रायव्हर. खडू गणितासाठी आणि स्क्रू ड्रायव्हर उरलेल्या जगासाठी. सोलापूरच्या पूर्व भागातल्या आमच्या शाळेत ते गणित शिकवायचे, मी मराठी. स्टाफरूममध्ये आमच्या खुर्च्या शेजारी होत्या आणि त्या शेजारामुळे कितीतरी वस्तू आतून कशा दिसतात ते मला बघायला मिळालं. भिंतीवरचं घड्याळ, पंख्याचा रेग्युलेटर, माझी छत्री, मुख्याध्यापकांच्या टेबलावरची घंटा. घंटा त्यांनी उघडली तेव्हा मुख्याध्यापक रजेवर होते. परत आल्यावर त्यांनी सवयीनं ती दाबली आणि ती अशी खणखणली की शिपाई, लेखनिक आणि आठवी ब चे वर्गशिक्षक असे तिघंही धावत आले.

"विकत घेतलेल्या वस्तूचं झाकण आपल्याला उघडता आलं पाहिजे की," सर म्हणायचे. "उघडता येत नसेल तर ती आपली कसली? ती भाड्यानं आणलेली."

आमच्याकडे सत्यनारायणाला ते आणि त्यांच्या पत्नी पद्मक्का आले होते. आत स्वयंपाकघरात चटणी वाटणं चाललं होतं. सरांनी तीर्थ घेतलं, प्रसादाचा द्रोण हातात घेतला, कान टवकारले आणि म्हणाले, "बाई, तुमच्या मिक्सरचं बुश गेलंय." पाच मिनिटांत मिक्सर बैठकीत आला. पाहुणे शिरा खाताहेत आणि मधोमध वर्तमानपत्रावर सर एकेक स्क्रू ओळीनं मांडताहेत, असं ते दृश्य होतं. पद्मक्का माझ्याकडे बघून म्हणाल्या, "आमच्या लग्नात यांनी वाजंत्र्याचा भोंगा उघडला नाही, तेवढं नशीब की."

त्यांची घरची भाषा तेलुगू. शाळेत ते मराठीच बोलायचे, पण एखादी गोष्ट अडली की तोंडातून "चूद्दाम" निघायचं. म्हणजे 'बघू या'. अवघड उदाहरण आलं, चूद्दाम. पालक भांडायला आले, चूद्दाम. मुलांनी त्यांचं नावच चूद्दाम सर ठेवलं होतं आणि सरांना ते ठाऊक होतं.

शाळेला कुणीतरी जुने संगणक देणगी दिले. देणगी कसली, अडगळ होती ती. एक सुरू व्हायला अर्धा तास लागायचा. सरांनी उन्हाळ्याची सुट्टी त्या खोलीत घालवली आणि जूनमध्ये सगळे संगणक सुरू होते. त्यांनी त्यांच्यावर विंडोजच्या जागी लिनक्स घातलं होतं. हा शब्द मी पहिल्यांदा ऐकला तो त्यांच्याकडून. पडद्यावर एक पेंग्विन यायचा, म्हणून मुलं त्या खोलीला पेंग्विनची खोली म्हणू लागली.

"हे फुकट असतं म्हणे?" मी विचारलं.

"फुकट ही नंतरची गोष्ट, बाई. हे उघडं असतं. कुणीही आत डोकवावं, बिघडलं तर दुरुस्त करावं, दुसऱ्याला द्यावं. जगातले हजारो लोक मिळून करतात. मालक कुणीच नाही."

मालक नसलेली वस्तू चालते कशी, हे मला कळेना. पण चालत होती. आमचे निकाल, प्रश्नपत्रिका, स्नेहसंमेलनाच्या पत्रिका सगळं त्यावर व्हायला लागलं. सरांनी स्वतःच्या लॅपटॉपवरही तेच घातलं आणि पुन्हा म्हणून दुसरं काही वापरलं नाही. एकच गोष्ट त्यावर नीट व्हायची नाही. पैसे भरून इंटरनेटवर बघायचे सिनेमे, मालिका, सामने. ते दाखवणारी ॲपं त्या लॅपटॉपला कायम नाठाळ मुलासारखं वागवायची.

याचा पहिला अनुभव आम्हाला सगळ्यांना एकदमच आला. क्रिकेटची कुठलीशी फायनल शाळेच्या वेळेत होती. शेवटचे दोन तास सोडून द्यावेत अशी मुलांची मागणी. सरांनी तोडगा काढला. सामना दाखवणाऱ्या ॲपचे पैसे त्यांनी भरलेले होते, शाळेत प्रोजेक्टर होता, आपण दहावीच्या वर्गात सगळ्यांना सामना दाखवू. बाकं सरकवली, खिडक्यांना चादरी लावल्या. मुलं दाटीवाटीनं बसली. सरांनी लॅपटॉप जोडला, समालोचकाचा आवाज घुमला आणि भिंतीवर एक काळा चौकोन उमटला.

"सर, आवाज येतोय, चित्र नाही," मुलं ओरडली.

सरांनी वायर बदलली. ब्राउझर बदलला. लॅपटॉप बंद करून चालू केला. काळा चौकोन जिथल्या तिथं. आमचे खेळाचे शिक्षक शिंदे सर, मोहोळकडचे, मागं उभे होते. ते म्हणाले, "आवो सर, तुमचा पेंग्विन आंधळा हाय का काय?" आणि ते सरळ कोपऱ्यावरच्या पानटपरीवर सामना बघायला निघून गेले.

सर "चूद्दाम," म्हणाले, फळ्याकडे वळले आणि लाल खडूनं त्यांनी भलंमोठं मैदान काढलं. मधे खेळपट्टी, भोवती क्षेत्ररक्षक. समालोचक सांगेल तसा ते चेंडू नेऊ लागले. चौकार गेला की फळ्याच्या कडेपर्यंत सर्रकन रेघ. मुलं आधी हसली, मग रंगली. मधेच कोपऱ्यावरून शिंदे सरांचा आवाज आला, "आउट! आउट झाला की ओ!" आमच्याकडे गोलंदाज अजून धावतच होता. टपरीवरचा टीव्ही आमच्या इंटरनेटच्या पुढं होता. मग वर्गाला नवाच खेळ सापडला. शिंदे सर ओरडले की सगळी मुलं श्वास रोखून फळ्याकडे बघायची आणि थोड्या वेळानं ते खरंच तसं व्हायचं. त्या वर्गातली मुलं आता मोठी झाली, पण भेटली की त्या सामन्याची आठवण काढतात. कोण जिंकलं ते त्यांतल्या बऱ्याच जणांना आठवत नाही.

सर निवृत्त झाले. माझी काही वर्षं अजून राहिली होती. रविवारी सकाळी मंडईतून येताना मी कधी कधी अक्कलकोट रोडच्या त्यांच्या घरी डोकवायचे. वरच्या मजल्यावर दोन खोल्या, खिडकीपाशी टेबल, टेबलावर लॅपटॉप. घरात जुना डबा टीव्ही होता, त्यावर पद्मक्का तेलुगू भजनं लावायच्या. सरांचा मोबाईल बटणांचा. मोठा फोन त्यांनी घेतलाच नाही, कारण त्याचं झाकण उघडत नाही.

अनुषा त्यांची एकुलती मुलगी. माझीही विद्यार्थिनी. हुशार. सर शाळेत होते तेव्हाच तिनं इंजिनिअरिंग केलं, पुण्यात नोकरी लागली, सरांनी स्टाफरूममध्ये कंदी पेढे वाटले. दोन वर्षांनी ती नोकरी सोडून मुंबईला गेली, सिनेमात रंगाचं काम शिकायला. चित्रीकरण झालेल्या दृश्यांना शेवटी रंगाचा हात द्यायचा असतो. सकाळ सकाळसारखी दिसायला हवी, भीती वाटायची तिथं भीती वाटायला हवी. ते करणारा तो कलरिस्ट. तिनं हे घरी सांगितलं त्या दिवसानंतर बापलेकीचं बोलणं कमी झालं. भांडण असं नव्हतं. फोन यायचा, 'जेवलीस का', 'जेवले', 'पैसे हवेत का', 'नकोत', एवढंच व्हायचं.

मी एकदा सरांना म्हटलं, "अहो, कलेचं काम आहे. तुम्ही का मनाला लावून घेता?"

ते म्हणाले, "बाई, माझे वडील सूत रंगवायच्या कारखान्यात होते. दिवसभर हौदात हात. नखं कधी निळी, कधी हिरवी. जेवायला बसले की पांढऱ्या भातात ती बोटं दिसायची. शाळेत गुणपत्रिकेवर सही करायला आले की हात पाठीमागं धरून उभे राहायचे. त्यांच्या हातावरचा रंग शेवटी जळल्यावरच गेला. मी गणित कशासाठी शिकलो? त्या हौदातनं बाहेर पडायला. आणि ही पोरगी पुन्हा रंगातच गेली."

मग एका वर्षी अनुषानं काम केलेली मालिका एका मोठ्या ओटीटीवर आली. मराठी मालिका, बरीच गाजली. सरांनी त्याच दिवशी वर्षाची वर्गणी भरली आणि मला फोन केला. "बाई, अनुषाचं नाव आलंय." आवाजात जे होतं ते लपवायचा त्यांचा प्रयत्न चालला होता आणि तो साफ फसत होता.

पुढच्या रविवारी मी गेले. सर लॅपटॉपसमोर बसले होते. दाढी वाढलेली. "बघा," म्हणाले आणि त्यांनी मालिका लावली. चालत होती, पण चित्र असं की भिजलेल्या वर्तमानपत्रातला फोटो बरा. माणसांना नाकडोळे नाहीत. अंगणातल्या लग्नाचा एक प्रसंग होता, संध्याकाळचा. सगळीकडे तपकिरी गिचमिड, त्यात काहीतरी हलत होतं. शेवटी नावं सरकू लागली. सरांनी एका ओळीवर बोट ठेवलं.

"ही अनुषा," ते म्हणाले.

मी वाकून पाहिलं. तिथं एक पांढरट पट्टा होता. अक्षर एकही लागत नव्हतं.

"तुम्हाला कसं कळलं?"

"तिनं सांगितलं होतं, खालून चौथी ओळ."

त्यांनी आठवडाभर सगळे उपाय केले होते. निरनिराळे ब्राउझर, निरनिराळ्या सूचना, इंटरनेटवर लिनक्सवाल्यांच्या गप्पा. "ब्राझीलमधल्या एका माणसानंही हेच लिहिलंय," ते म्हणाले. "त्याच्या आईला बघायचंय." दुसऱ्या टोकाला आपल्यासारखाच कुणीतरी अडकलाय याचं त्यांना जरा बरं वाटलं असावं.

"सर, आमच्याकडे या. मुलानं मोठा टीव्ही घेऊन दिलाय. त्यावर लख्ख दिसतं."

"पैसे मी भरलेत. घर माझं, पोरगी माझी. मग दुसऱ्याच्या घरी जाऊन का बघायचं?" हे तोंडातून गेल्यावर ते ओशाळले. "तुमचं घर दुसऱ्याचं नाही म्हणा. पण तरी."

मग त्यांनी कंपनीला फोन लावला. बटणांचा फोन स्पीकरवर, शेजारी पद्मक्कांनी ठेवलेला चहा. बरंच संगीत ऐकून झाल्यावर एक मुलगी आली. आवाजावरून विशीतली. मराठीसाठी सरांनी तीनचा आकडा दाबला होता.

"सर, तुमच्याकडे विंडोज आहे की मॅक?"

"लिनक्स."

"ते कुठल्या कंपनीचं आहे, सर?"

"कुठल्याच नाही. सगळ्यांचं आहे."

"सर, मग इथं काय लिहू?"

"लिनक्स लिहा की."

"तो पर्यायच नाही सर इथं. 'इतर' लिहू?"

"लिहा इतर," सर म्हणाले. "पण मला सांगा, मी पैसे भरले, ते तुम्ही घेतले. घेताना विचारलं नाही, विंडोज आहे का काय आहे. मग चित्र देताना का विचारता?"

मुलगी पाठ केलेलं बोलू लागली. ब्राउझर अपडेट करा, लॉग आउट करून लॉग इन करा. सरांनी प्रत्येकाला "केलं" म्हटलं. न चिडता. त्यांना मुलांना एकच उदाहरण पाच वेळा सांगायची सवय होती. शेवटी तीच थकली आणि तिची भाषा बदलली. "सर, तुमी कुटनं बोलताय?"

"सोलापूर."

"व्हय? मी माळशिरसची की. सर, खरं सांगू का? तुमच्या कॉम्प्युटरवर ते नीट दिसणारच न्हाई. स्वच्छ चित्र फक्त ठरलेल्या मशिनीलाच देत्यात. बाकीच्यांना बारकं देत्यात."

"का?"

"कॉपी करतील म्हणून, सर. चोरी हुती ना लई."

"म्हणजे मी चोरी करीन म्हणून?"

"तुमी न्हाई ओ सर! तुमच्याबद्दल कोण म्हणतंय? सगळ्यांसाठीच नियम हाय त्यो."

"बरं," सर म्हणाले. "तुझं नाव काय, बाळ?" तिनं सांगितलं. "जेवलीस का?" "सर, आणखी काही मदत करू शकते का?" असं ती पुन्हा ठरलेल्या आवाजात म्हणाली, आणि सरांनी फोन ठेवला.

चहावर साय आली होती. सर माझ्याकडे न बघता म्हणाले, "शाळेचा खडू कधी घरी आणला नाही मी. खिशातला लाल खडूसुद्धा स्वतःच्या पैशाचा असायचा."

ही गोष्ट शिंदे सरांच्या कानावर गेली. ती माझ्यामुळेच गेली असणार. दुसऱ्या रविवारी मी तिथं असताना ते जिना चढून आले आणि त्यांनी टेबलावर एक पेनड्राइव्ह ठेवला. "घ्या. पुरी मालिका. पुतण्यानं काढून दिली. एकदम काचेवानी दिसतंय, आणि तुमच्या पेंग्विनवर बी चालतंय, इचारून आलोय."

ते खरं होतं. चोरलेली प्रत लिनक्सवर बिनबोभाट चालते, हे सरांना आमच्याहून चांगलं माहीत होतं. पैसे भरणाऱ्याला गिचमिड आणि न भरणाऱ्याला काच. सरांनी पेनड्राइव्ह हातात घेतला. टोपण काढलं, पुन्हा लावलं. पद्मक्का स्वयंपाकघराच्या दारात येऊन उभ्या राहिल्या. लॅपटॉप समोर उघडाच होता.

"शिंदे सर, तुम्ही प्रेमानं आणलंत," ते म्हणाले. "पण अनुषाचं पोट त्यावर आहे. तिच्याच कामाची चोरी करून तिचं काम बघू?"

"आवो, एक तुमी बगितल्यानं काय कंपनी बुडंल काय?"

"कंपनी बुडू दे की. माझं काही नाही. पण पोरीनं विचारलं, कुठं बघितलं, तर काय सांगू?"

शिंदे सरांनी पेनड्राइव्ह खिशात टाकला. जाताना मला म्हणाले, "असला मानूस सरळ केला तर मोडंल. ऱ्हाऊ द्या."

अनुषानं विचारलंच. तिचा फोन आला, "नान्ना, बघितलंत?" सर म्हणाले, बघितलं. "कसं वाटलं?" सर म्हणाले, "छान आहे."

हे मला नंतर अनुषानंच सांगितलं. रडवेल्या आवाजात. "मॅडम, नान्ना कधी कुणाला छान म्हणतात का हो? मला शंभरपैकी शंभर पडले होते तेव्हा म्हणाले होते, तिसऱ्या उदाहरणात एक पायरी कमी लिहिलीस. छान म्हणजे त्यांनी बघितलंच नाही. किंवा बघून राग आलाय आणि बोलायचं नाहीये." मी तिला चित्राचा घोटाळा सांगायला हवा होता की नाही, याचा मी पुष्कळ विचार केला. शेवटी एवढंच म्हटलं, "तू एकदा येऊन जा."

ती संक्रांतीला आली. गड्ड्याच्या जत्रेची गर्दी होती, गावात रिक्षा मिळत नव्हती, मी तिळगूळ घेऊन चालतच त्यांच्या घरी गेले. आत शिरले तेव्हा अनुषा लॅपटॉपसमोर बसली होती आणि सर खिडकीकडे तोंड करून उभे होते. पडद्यावर तोच लग्नाचा प्रसंग होता, तीच तपकिरी गिचमिड.

"नान्ना, तुम्ही हे बघत होतात?" ती म्हणाली. बापलेक तेलुगूत बोलत होते, पण इतक्या वर्षांच्या शेजारानं मला ते सगळं कळायचं. "आठही भाग असेच बघितले?"

"दोनदा," सर म्हणाले.

"आणि मला छान म्हणालात?"

"काय म्हणू? दिसत नाही म्हणू? तुला वाटलं असतं, बापाला बघायचंच नाही, म्हणून कारणं सांगतोय."

अनुषा हसायला लागली आणि हसता हसता तिनं ओढणीनं डोळे पुसले. "या एका प्रसंगावर मी चार दिवस बसले होते, नान्ना. आणि तुम्ही हा चिखल दोनदा बघितलात."

तेवढ्यात आतून पद्मक्का म्हणाल्या, "त्या पोराचं लग्न मोडतं ना शेवटी? मला तर फार वाईट वाटलं." सगळे वळले. पद्मक्का शांतपणे गूळपोळी उलटत होत्या. "काय बघता? खालच्या मजल्यावरच्या सुजाताच्या फोनवर मी कधीच बघितली. तीन वेळा. अनुषाचं नाव किती सुरेख येतं शेवटी."

"मला सांगितलं नाहीस?" सर म्हणाले.

"तुम्ही विचारलं का? तुम्ही कंपनीशी भांडत होतात."

संध्याकाळी ते तिघंही आमच्या घरी आले. सरांची एकच अट होती, माझ्या मुलाच्या खात्यावरून बघायचं नाही. त्यांनी स्वतःचं खातं रिमोटनं एकेक अक्षर टिपून उघडलं. पासवर्ड भला लांब होता आणि दोनदा चुकला. मग मालिका सुरू झाली. सर सोफ्यावर न बसता पाटावर, टीव्हीच्या अगदी पुढ्यात बसले होते. लग्नाचा प्रसंग आला. अंगण, मांडव, भिंतीला टेकलेल्या बायका, कलती उन्हं. आता प्रत्येकीच्या नाकातली चमकीसुद्धा दिसत होती. अनुषा पडद्याकडे बघत नव्हती. ती बापाकडे बघत होती.

प्रसंग संपल्यावर सरांनी रिमोट मागितला, मागे नेला, पुन्हा बघितला.

"पिवळा फार झालाय," ते म्हणाले.

आज तरी यांनी चूक काढायला नको होती.

"कुठं?" अनुषा पुढं सरकली.

"सगळीकडे. हळदीत बुडवून काढल्यासारखं. संध्याकाळ आहे ना? मग सावली थंड हवी."

"आहे की थंड! सावल्यांमध्ये निळा आहे, नान्ना. मुद्दाम ठेवलाय. हा बघा, खांबामागं."

"निळा? कुठाय निळा?"

"हा काय!"

"हा राखाडी आहे. उलट पिवळट राखाडी."

ते दोघं तासभर भांडले. जेवण गार झालं. अनुषा उठून टीव्हीवर बोट ठेवून दाखवत होती, सर मान हलवत होते. नीळ सुतावर कशी चढते, पिवळ्याशेजारी तिचं काय होतं, वडील कुठली लडी आधी बुडवायचे, असं सर सांगत होते. हे मी त्यांच्या तोंडून आधी कधीच ऐकलं नव्हतं, आणि अनुषानंही ऐकलं नसावं. निळ्याचा निकाल काही लागला नाही. निघताना अनुषा दारात चप्पल घालता घालता मला हळूच म्हणाली, "मॅडम, आज पहिल्यांदा नान्नांनी माझं काम तपासलं." एखादं बक्षीस मिळाल्यासारखा तिचा चेहरा झाला होता.

त्यानंतर फोनवरचं बोलणं लांबलं. ती नव्या कामाचं सांगायची, सर शंका काढायचे. लॅपटॉपवर लिनक्सच राहिलं. चित्र गिचमिडच राहिलं. दर महिन्याला सर कंपनीला फोन करून 'इतर' मध्ये आपली तक्रार लिहून घ्यायला लावायचे आणि मालिका बघायला आमच्याकडे यायचे.

पुढच्या उन्हाळ्याच्या तोंडावर त्यांचं मोतीबिंदूचं ऑपरेशन झालं. दोन्ही डोळ्यांचं, थोड्या अंतरानं. त्यांना कमी दिसतं हे त्यांनी कुणाला जाणवूही दिलं नव्हतं. पद्मक्कांनाही ते डॉक्टरांनी सांगितल्यावरच कळलं. काळा चष्मा उतरल्यावर एका संध्याकाळी ते एकटेच आमच्याकडे आले.

"बाई, टीव्ही लावायचा होता. थोडाच वेळ."

त्यांनी आपलं खातं उघडलं. लग्नाचा प्रसंग लावला. खांबामागची सावली आली तिथं चित्र थांबवलं. मी स्वयंपाकघरातून पाहत होते. पाठमोरे सर पाटावर कितीतरी वेळ हलले नाहीत. मग त्यांनी खिशातून बटणांचा फोन काढला.

"अनुषा," ते म्हणाले. "कामात आहेस का? ऐक. सावलीत निळा आहे."

पलीकडून ती काहीतरी बोलली.

"नाही, चित्र तेच. डोळा बदलला. डॉक्टर म्हणाले, मोतीबिंदू पिकला की सगळं पिवळं दिसतं. सवय होते म्हणे, कळत नाही माणसाला." मग ते म्हणाले, "पिवळा माझ्या डोळ्यात होता, तुझ्या कामात नव्हता. खांबामागचा निळा फार नेमका ठेवलायस. जरा जास्त झाला असता तर रात्र वाटली असती."

मी गॅस बारीक केला आणि फोन संपेपर्यंत बाहेर गेलेच नाही. फोन झाल्यावर सरांनी टीव्ही बंद केला, पाट उचलून भिंतीला लावला, आणि चहा न घेताच "येतो, बाई," म्हणून निघाले.

त्याच उन्हाळ्यात मी निवृत्त झाले आणि मुलाकडे पुण्याला राहायला गेले. सर गेल्याचं मला तिथंच कळलं, अनुषाच्या फोनवरून. त्यामुळे मी त्यांना शेवटचं पाहिलं ते त्या संध्याकाळीच. त्यांना सोडायला मी फाटकापर्यंत गेले होते. गल्लीत ऊन उतरत होतं. सर चार पावलं गेले आणि समोरच्या घरापाशी थांबले.

"हे दार कधी रंगवलं यांनी?" त्यांनी विचारलं.

"सर, ते पहिल्यापासून असंच आहे. निळंच."

"असं?" ते म्हणाले. मग दाराच्या अगदी जवळ गेले आणि तळहात त्यावर सपाट ठेवून उभे राहिले. पलीकडून एक रिक्षा आली, रिक्षावाल्यानं हॉर्न वाजवला, पुन्हा वाजवला. सर बाजूला झाले नाहीत. शेवटी रिक्षावाल्यानंच गाडी वळसा घालून काढली.